मूर्ती कशाची? वऱ्हाडातल्या मूर्तिद्रव्यांचा इतिहास

वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावच्या शिवारात विहीर खणली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा फत्तर. जवळजवळ सगळ्या जिल्ह्याची हीच स्थिती आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरून थिजलेल्या लाव्ह्याचा हा बेसाल्ट. त्यात संगमरवर नाही, तांबे नाही, जस्तही नाही. मूर्तीसाठी घरचे म्हणावे असे तीनच पदार्थ या मुलखात मिळतात: काळा पाषाण, माती आणि लाकूड. बाकीचे सगळे बाहेरून आले. बाहेरून आलेल्या वस्तूचे नावही बाहेरूनच येते, आणि नाव सांगणारा माणूस सहसा विकणारा असतो. त्यामुळे ‘मूर्ती कशाची आहे?’ हा प्रश्न या भागात जुना आहे. आज मुंबई-पुण्याचे संग्राहक हजारो रुपयांच्या पुतळ्याच्या खोक्यावर ‘पॉलिस्टोन’ हा शब्द वाचून हाच प्रश्न विचारतात. त्यांची शंका नवी नाही, पदार्थ तेवढा नवा आहे.

या तिन्हींत दगडाबद्दल शंका सर्वांत कमी. पाथरवट बेसाल्ट निवडताना त्यावर हातोडी मारून आवाज ऐकतो. एकसंध दगड खणखणतो, आत चीर असली की बद्द वाजतो. लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे भोकाभोकांचा असतो आणि त्या भोकांत पुढे गारेचे पांढरे खडे भरलेले असतात. छिन्नीखाली असा खडा निसटला तर देवाच्या गालावर खळगा पडतो. म्हणून थराच्या पोटातला घट्ट, बारीक कणांचा दगड शोधावा लागतो. यादवकाळातल्या, ज्यांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले जाते त्या देवळांतल्या मूर्ती अशाच दगडाच्या आहेत. तो जमिनीत पुरला तरी नासत नाही. वाशिमच्या बालाजीची मूर्ती औरंगजेबाच्या काळात जमिनीत लपवली होती आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती सापडल्यावर भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी तिच्यासाठी मोठे देऊळ बांधले, असे सांगतात. शतकभर मातीत राहून वर येणे धातूला जमते, दगडाला जमते. मातीच्या किंवा लाकडाच्या देवाला ते जमले नसते.

दगडाचीही नावे मात्र बदलतात. रोजच्या तेला-तुपाने कोणताही दगड काही वर्षांत काळा आणि तुळतुळीत होतो. मग गावोगाव ‘आमचा देव गंडकीच्या शिळेचा’ असे सांगितले जाते. गंडकी ही नेपाळमधली नदी. तिच्या पात्रात मिळणारा शाळिग्राम म्हणजे समुद्रातल्या शंखवर्गीय प्राण्याचा काळ्या शेलमध्ये जपला गेलेला जीवाश्म, आणि तो बहुधा मुठीत मावेल एवढाच असतो. तीन-चार फुटांच्या मूर्तीला गंडकी शिळा म्हटले जाते तेव्हा ते बहुतेक वेळा दगडाचे वर्णन नसून देवाच्या मोठेपणाचे असते.

मूर्ती कशाकशाची करावी हे जुन्या ग्रंथांनी ठरवून दिले आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात आठ प्रकार मोजले आहेत: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रंगवून काढलेली, वाळूची, मनातल्या मनात कल्पिलेली आणि रत्नाची. ही यादी वाचताना आजच्या वाचकाला दोन प्रकार विचित्र वाटतात. लेपाची मूर्ती म्हणजे काय, आणि वाळूची मूर्ती टिकेल तरी कशी? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर वाशिम जिल्ह्यातच, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैन या गावी मिळते.

शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती काळी, सुमारे साडेतीन फूट उंच, बैठी आणि डोक्यावर नागफणा असलेली आहे. ती जमिनीपासून किंचित वर, जवळजवळ अधांतरी बसलेली दिसते, म्हणून तिला अंतरिक्ष म्हणतात. चौदाव्या शतकातल्या जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात या तीर्थाची कथा आली आहे. रावणाच्या काळात प्रवासात पूजेसाठी मूर्ती हवी होती, तेव्हा ती जागच्या जागी वाळू आणि शेणाची करण्यात आली आणि पूजा झाल्यावर पाण्यात सोडली गेली. पुढे अचलपूरच्या राजाचा कुष्ठरोग त्याच पाण्याने बरा झाला. मूर्ती सापडली, गाडीवर घालून नेताना राजाने मागे वळून पाहिले आणि ती तिथेच, अधांतरी, थांबली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातला द्रव्याचा उल्लेख सोडून देता येत नाही. दगडाच्या देवाची कीर्ती सांगताना त्याला वाळू-शेणाचा कुणी म्हणणार नाही. या मूर्तीचे अंग ठिसूळ आहे, आणि तिला वरचेवर लेप द्यावा लागतो, ही गोष्ट कथेने आधीच मान्य करून टाकली आहे.

खरा पेच या लेपातच होता. दगडात कोरलेली मूर्ती कोरणाऱ्याच्या हातून एकदा सुटली की तिचे रूप ठरून जाते. लेपाच्या मूर्तीचे तसे नसते. लेप झिजतो, नवा चढवावा लागतो, आणि दर वेळी लेप चढवणारा थोडासा शिल्पकारही होतो. शिरपूरला श्वेतांबर आणि दिगंबर हे दोन्ही जैन पंथ पूजा करीत. १९०५ मध्ये दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. १९०८ मध्ये श्वेतांबरांनी नवा लेप दिला, त्यात कंबरेचा करदोटा आणि लंगोटाची खूण दाखवली. दिगंबरांच्या मते मूर्ती नग्न होती, आणि ही खूण म्हणजे मूर्तीचा पंथ बदलणे होते. श्वेतांबरांचे म्हणणे असे की खूण पूर्वीपासूनच होती, झिजली होती, ती पुन्हा दाखवली इतकेच. मूर्ती बेसाल्टची असती तर एखाद्या जाणकाराने छिन्नीचा माग पाहून काही सांगितले असते. लेपाखाली लेप, त्याखाली आणखी लेप, अशा वस्तूत ‘मूळ’ कशाला म्हणायचे हे कोण सांगणार?

१९१० मध्ये दावा अकोल्याच्या न्यायालयात गेला. वाशिम त्या वेळी अकोला जिल्ह्याचाच भाग होते. आजचा वाशिम जिल्हा १९९८ चा. १९१८ मध्ये निकाल लागला, १९२३ मध्ये नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरपुढे अपील चालले आणि १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने व्यवस्थापनाचा आणि लेपाचा अधिकार श्वेतांबरांकडे ठेवून, दिगंबरांचा ठरलेल्या वेळी पूजा करण्याचा हक्क कायम केला. वऱ्हाडातल्या एका खेड्यातल्या मूर्तीवर कोणता थर कोणी चढवावा, यावर साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने बसून विचार केला. तरी वाद मिटला नाही. १९८१ पासून मंदिराला कुलूप होते आणि भाविक झरोक्यातून दर्शन घेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, मार्चमध्ये, लेपाच्या कामासाठी दार उघडले.

लेपाचा दुसरा, घरोघरी माहीत असलेला प्रकार शेंदराचा. शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साइड. तेलात किंवा तुपात कालवून तो मारुतीला, गणपतीला, म्हसोबाला चढवतात. आधीचा पुसून काढायचा नसतो, त्यावरच नवा बसतो. वर्षानुवर्षांच्या शनिवारांनी मूर्तीचे नाक बुजते, मग हात अंगाला चिकटतात, आणि शेवटी नुसता तांबडा गोल उरतो. त्यावर चांदीचे डोळे बसवलेले असतात. थर वाढला की डोळे काढून पुन्हा पुढे आणून बसवतात. कधी तरी हे कवच आपल्या वजनाने सुटते आणि आतून भलतेच काही निघते. वणीच्या सप्तशृंगीचे २०२२ मध्ये झालेले काम ताजे आहे: एक हजार किलोहून अधिक शेंदूर उतरवल्यावर भाविकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेल्या रूपापेक्षा वेगळे, रेखीव कोरलेले रूप समोर आले. वाशिमपासून फार दूर नसलेल्या लोणारला आडव्या मारुतीची मूर्ती आहे. तिचा दगड चुंबकीय गुणाचा असून तो लोणारचे विवर पाडणाऱ्या उल्केशी संबंधित आहे, अशी समजूत आहे. समजूत आकर्षक आहे. पण बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते आणि त्यामुळे साधा काळा फत्तरही होकायंत्राची सुई हलवू शकतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

‘वज्रलेप’ या शब्दाचीही गोष्ट अशीच. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्याची कृती दिली आहे: टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळून अष्टमांश काढा करायचा, त्यात राळ-गुग्गुळासारखे चिकट पदार्थ घोटायचे आणि गरम गरम लावायचे. हा लेप हजारो वर्षे टिकतो असा ग्रंथाचा दावा आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाला किंवा कोल्हापूरच्या अंबाबाईला अलीकडे जो ‘वज्रलेप’ झाला तो मात्र रसायनशाखेच्या तज्ज्ञांनी केलेला आधुनिक रसायनांचा होता. जुना शब्द राहिला, आतले द्रव्य बदलले. अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये संवर्धन झाल्यावर थोड्याच वर्षांत थर निघू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि पुन्हा काम करावे लागले. दगड श्वास घेतो म्हणतात ते अगदी काव्य नाही. सूक्ष्म छिद्रांतली ओल बाहेर पडायला वाट लागते, आणि वरचा थर ती वाट अडवतो. शिवाय दूध, दही, मध, लिंबू यांचा अभिषेक चालू असतोच.

धातूच्या मूर्तींचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला वाद हाही द्रव्याचाच आहे. १९७४ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, झाडाचे मूळ खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलांचा रथ व त्यात उभा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारी मिळून वजन साठ किलोंच्या वर. भरीव, जड, आणि जाणकारांना चकित करणारे काम. त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २००० च्या, असे म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी मानले. दे. प्र. अगरवाल यांनी धातूचे पृथक्करण पाहून शंका घेतली. या वस्तूंत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे, आणि त्या काळातल्या इथल्या इतर तांब्याच्या वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. मग हे तांबे आले कुठून, की वस्तूच नंतरच्या? वस्तू उत्खननात थरातून निघाल्या नसून शेतातून आल्या होत्या, त्यामुळे मातीचा थर साक्षीला नव्हता. साक्षीला राहिला फक्त धातू.

वऱ्हाडात ओतीव मूर्तींचा मोठा साठा अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनी येथे मिळाला. मध्ययुगीन जैन मूर्ती आहेत त्या, आणि १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, म्हणजे लोकांच्या ‘अजब बंगल्या’ने, त्या सांभाळल्या. अशा मूर्तींच्या पाटीवर बहुधा ‘कांस्य’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात तांबे-कथिलाचे ते कासे आणि तांबे-जस्ताचे ते पितळ. जुन्या भारतीय मूर्तींत पितळ बरेच आढळते. ‘कांस्य’ हा कलेच्या इतिहासातला सोयीचा शब्द आहे, धातूचा नव्हे. पितळेतले जस्त किती, यावरून काळाचाही अंदाज लागतो. जस्ताचे खनिज, कोळसा आणि तांबे एकाच मुशीत भाजून केलेल्या जुन्या पितळेत जस्त साधारण २८ ते ३० टक्क्यांपुढे जात नाही. त्याहून बरेच जास्त निघाले तर सुटे, गाळलेले जस्त वापरले आहे असे समजावे. आणि प्राचीन म्हणून विकायला आलेल्या मूर्तीत ॲल्युमिनियम मिश्र केलेले सापडले तर पुढची चर्चा करण्याचे कारण नाही. हा धातू स्वस्तात मिळू लागला तो १८८६ नंतर.

ओतकामाची रीत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात सविस्तर आहे. मेणाची मूर्ती करायची, तिला मेणाच्याच नळ्या जोडायच्या, बारीक मातीचे पातळ लेप एकावर एक सुकवत चढवायचे, मग भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. ओतारी आजही हेच करतो. ग्रंथातला एक तपशील गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे: मेण आधी वजन करून घ्यावे आणि त्याच्या पटीत धातू द्यावा, चांदी बारापट, सोने सोळापट. यजमानाने सोने दिले, ओताऱ्याने मूर्ती दिली, मधे किती गेले हे कसे कळणार? मेणाचे वजन हीच त्याची पावती.

‘पंचधातू’ हा शब्द या सगळ्यांत जास्त सैल आहे. मराठीत त्याला पंचरसी असेही म्हणत आणि तोफांनाही हेच विशेषण लावत. सोने, चांदी, तांबे, आणि उरलेल्या दोन जागी जस्त, कथील, शिसे किंवा लोखंड, अशी यादी माणसागणिक बदलते. प्रमाण तर कुणीच सांगत नाही. चिमूटभर सोने मुशीत टाकले की पंचधातू झाली, असा व्यवहार असतो. कधी यजमानीण आपल्या बोटातले वळे काढून टाकते. श्रद्धेच्या बाजूने ते पुरेसे आहे. पण त्याच शब्दाच्या बळावर दुकानात साध्या पितळेची किंमत दुप्पट सांगितली जाते, तेव्हा मात्र तो शब्द धातूचा राहत नाही.

आसेगावसारख्या गावात धातूचा देव बहुतेकांच्या देव्हाऱ्यात असतो तो टाकाच्या रूपात. खंडोबा, भवानी, वीर यांचे टाक चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले असतात, कधी पाठीला तांबे असते. रोजच्या अभिषेकाने आणि सणासुदीला चिंच-राखेने घासून पन्नास-साठ वर्षांत देवाचे तोंड पुसट होते. मग लग्नकार्याच्या आधी ‘देव उजळायला’ किंवा नवे करायला सोनाराकडे जातात. तिथली भाषा ठरलेली आहे: जुन्याचे वजन, डागाची वजावट, आटणीतली तूट, वर मजुरी. डाग म्हणजे जोडकामाला लावलेली हलकी मिश्र धातू. ती चांदीच्या भावाने घेतली जात नाही, पण विकताना मात्र चांदीतच मोजली गेलेली असते. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या बायका म्हणून नवा टाक आधी तळहातावर तोलून पाहतात आणि मगच कपाळाला लावतात.

लाकूड आणि रत्न या भागवताच्या यादीतल्या आणखी दोन द्रव्यांसाठी जिल्ह्यातले कारंजा लाड पुरेसे आहे. इथे दिगंबर भट्टारकांच्या तीन गाद्या होत्या: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम प्रसिद्ध आहे. संघाचे नाव लाकडी मूर्तीवरून पडले अशी एक जुनी व्युत्पत्ती सांगतात, गावाच्या नावावरून पडले अशी दुसरी. कारंज्याच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी स्फटिकासारख्या मौल्यवान खड्यांच्या छोट्या मूर्तीही जमवल्या. रत्नाच्या मूर्तीची परीक्षा सराफाकडे असे. तिथे देव हा आधी खडा आणि मग देव असे. रंगवलेले लाकूड सागवान आहे की सावरी हे मात्र वाळवी लागल्यावरच कळते.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापसाच्या पैशाबरोबर जयपूरचा संगमरवर आणि मुरादाबादचे पितळ वऱ्हाडात सहज येऊ लागले. काळा देव मागे पडून पांढरा देव प्रतिष्ठेचा झाला तो याच काळानंतर. आणि याच सुमाराला मुंबईच्या कलाशाळेतून एक नवा पदार्थ मराठी लोकांच्या ओळखीचा झाला: प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती काही मिनिटांत दगडासारखी होते. शिल्पकारासाठी ही मधली पायरी होती. मातीवरून प्लास्टर, प्लास्टरवरून ब्राँझ किंवा संगमरवर. पण पुढच्या पायरीचे पैसे सहसा नसत. गणपतराव म्हात्रे यांची १८९६ ची ‘मंदिरपथगामिनी’, जिने मराठी शिल्पकलेचे नाव देशभर नेले, ती प्लास्टरचीच. विनायकराव करमरकर यांनी पुण्यासाठी केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये माझगाव गोदीत ब्राँझमध्ये ओतला गेला. त्याच करमरकरांची अलिबागजवळच्या सासवण्याच्या घरातली कितीतरी उत्तम शिल्पे प्लास्टरची आणि सिमेंटची आहेत. द्रव्य हलके म्हणून काम हलके ठरत नाही, याला यापेक्षा चांगला दाखला नको. फक्त खाली लिहिले पाहिजे की हे सिमेंट आहे.

गणपतीच्या बाजारात प्लास्टर शिरले ते हलके, स्वस्त आणि न तडकणारे म्हणून. पेणच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती आठवडेच्या आठवडे सुकवावी लागते. प्लास्टरची दुसऱ्या दिवशी रंगाला तयार. ती पाण्यात विरघळत नाही, यावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम आणि उच्च न्यायालयातली प्रकरणे आजवर चालू आहेत. तो विषय पाण्याचा आहे; द्रव्यपरीक्षेपुरते एवढेच की रंगवल्यावर शाडू आणि प्लास्टर डोळ्यांना सारखेच दिसतात आणि फरक कळतो तो पाटाखाली हात घालून उचलताना.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायबर आले. काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ यांचे काही मिलिमीटर जाडीचे कवच, आत लोखंडी सांगाडा, वर ब्राँझचा रंग. महाराष्ट्रात चौकात, शाळेत, सत्कारात आणि दिवाणखान्यात शिवाजी महाराजांचे जेवढे पुतळे आहेत त्यांतले पुष्कळसे असे आहेत. दुकानात त्यांना ‘ब्राँझ फिनिश’, ‘ब्राँझ कोटेड’, ‘कोल्ड कास्ट’ अशी नावे असतात. पहिल्यात ब्राँझ अजिबात नाही, नुसता रंग आहे. दुसऱ्यात असला तर नखभर. तिसऱ्यात राळेत ब्राँझची पूड कालवलेली असते, भट्टीत काही वितळलेले नसते. खऱ्या धातूच्या पुतळ्यातही आतला सांगाडा दिसत नाही, आणि दुखणे तिथेच असू शकते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष जोडकाम ही कारणे दिली. मे २०२५ मध्ये तिथे ब्राँझचा नवा, मोठा पुतळा स्टेनलेस स्टीलच्या सांगाड्यावर उभा राहिला.

परदेशी चित्रपटांतल्या आणि चित्रकथांतल्या पात्रांचे महागडे, मोजक्या संख्येने काढलेले पुतळे जमवणारे मराठी तरुण आता नागपूर-अकोल्यातही आहेत. त्यांच्या पुतळ्यांचे ‘पॉलिस्टोन’ हे फायबरचे चुलतभावंड. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनच्या राळेत दगडाची भुकटी. भुकटीमुळे ते जड आणि हाताला गार लागते, म्हणून ‘स्टोन’. संग्राहकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. राळ थिजताना आकसते, त्यामुळे हात-धडाच्या जोडात फट राहते. सगळा भार दोन बारीक घोट्यांवर असेल तर पुतळा वर्ष-दोन वर्षांत पुढे झुकतो. पारदर्शक भाग पिवळे पडतात. मऊ पीव्हीसीचा झगा असेल तर त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर झिरपून पृष्ठभाग चिकट होतो आणि धूळ धरतो. वऱ्हाडात यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या गोदामात किंवा कुरिअरच्या बंद गाडीत त्याहूनही वर. राळ वितळत नाही, पण नरमते. खोक्यात आडवी ठेवलेली तलवार त्या दिवसांत वाकली की वाकडीच थिजते.

द्रव्य ओळखण्याच्या घरगुती खुणा अजून उपयोगाच्या आहेत, पण फसव्याही आहेत. संगमरवराच्या तळाशी लिंबाचा थेंब टाकला की फेस येतो, कारण तो चुनखडीच्या जातीचा. पण राळेत संगमरवराचीच भुकटी असेल तरी फेस येतो. तिथे तापवलेली सुई तळाला टेकवावी लागते: खरा दगड निर्विकार राहतो, राळ काळी पडते आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. पितळेला चुंबक चिकटत नाही. तळाशी चिकटला तर वजन वाढवण्यासाठी लोखंड भरले आहे. सर्वांत भरवशाची परीक्षा वजनकाट्याची आणि काठोकाठ भरलेल्या पातेल्याची. मूर्ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायची आणि सांडलेले पाणी मोजायचे. १७०० ग्रॅमची मूर्ती २०० मिलिलिटर पाणी सांडत असेल तर भागाकार साडेआठ येतो, आणि ते पितळ आहे. तेवढेच पाणी सांडणारी मूर्ती ४०० ग्रॅम भरली तर भागाकार दोन. ती भुकटी घातलेली राळ. पाच-सहा आला तर बाहेर पितळ आणि पोटात ओतकामाची माती राहिली आहे, जी जुन्या मूर्तीत दोष मानत नाहीत. प्लास्टरची किंवा जुन्या रंगाची मूर्ती मात्र बुडवायची नसते. मोठ्या संग्रहालयांत क्ष-किरणांच्या छोट्या यंत्राने मूर्तीला ओरखडाही न पाडता पृष्ठभागातले धातू मोजतात. तेही यंत्र वरचाच थर वाचते. मुलामा असेल तर मुलामाच सांगते.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना पुरावशेष आणि कलासंपत्ती अधिनियम, १९७२ लागू होतो. तो एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. खासगी संग्राहकाला अशा मूर्तीची नोंदणी करावी लागते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणीच्या अर्जात छायाचित्र, आकार आणि द्रव्य यांची माहिती द्यावी लागते. फायबरच्या आणि पॉलिस्टोनच्या मूर्तींना अशी नोंदवही नाही. त्यांच्याबद्दल दुकानदाराच्या बिलावर जे लिहिलेले असते तेवढीच नोंद राहते, आणि त्यावर बहुधा ‘मूर्ती, १ नग’ एवढेच असते.